वार्धक्यातील आत्मभान आणि रोजची कामे

'आत्मभान' हा शब्द आपल्या व्यासपीठांवरून नेहमी मोठ्या अर्थाने उच्चारला जातो. शतकानुशतके ज्यांना माणूस म्हणून मोजलेच गेले नाही, त्यांना आपण माणूस आहोत याची झालेली जाणीव, असा तो अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जी पिढी बालवयात किंवा ऐन तारुण्यात होती, तिने ही जाणीव आपल्यापर्यंत पोचविली. ती पिढी आता ऐंशीच्या घरात वा त्यापलीकडे आहे. नामांतराच्या लढ्यात पंचविशी-तिशीत असलेले कार्यकर्ते सत्तरी ओलांडून गेले आहेत. या माणसांच्या संदर्भात आत्मभान या शब्दाचा एक लहान, घरगुती अर्थ मला येथे मांडावयाचा आहे. आज, या वयात, माझ्या हातून कोणते काम नीट होते, कोणते अडखळत होते आणि कोणते आता दुसऱ्याच्या मदतीने करावे, याची माणसाला स्वतःला असलेली खरी जाणीव, असा तो अर्थ होय.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत वृद्धांचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या वार्षिक चक्रात आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील गावे, वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आणि पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट. पुढचे पाच-सहा महिने गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरे, शेळ्या, कोंबड्या आणि घराची किल्ली. आपल्या वसतिगृहात अभ्यास करणाऱ्या कित्येक मुला-मुलींचे लहानपण आजी-आजोबांच्या हाताखाली गेले आहे. सुट्टीत ती ज्या घरी जातात, तेथेही अनेकदा आजीच दार उघडते. म्हणून आजीचे हात काय करू शकतात, हा आपल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे आणि म्हणून शाळेचाही आहे.

टोळी निघण्याच्या आदल्या रात्री बहुतेक घरांत एक छोटा संवाद होतो. "माय, जमंल का तुला समदं?" असे लेक विचारतो आणि "जमंल की, तुम्ही जावा बिनघोर" असे माय सांगते. हे उत्तर किती खरे आहे, यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात. नातवंडांचे जेवण, चुलीतला विस्तव, रक्तदाबाची गोळी, स्वस्त धान्य दुकानातले धान्य, बँकेतून काढलेले पैसे, रात्री अंगणापलीकडच्या शौचालयापर्यंतचा अंधार, हे सारे त्या एका 'जमंल की' वर सोपविले जाते. मात्र हे उत्तर देणारी बाई मोकळ्या मनाने उत्तर देत नसते. उचल घेतलेली आहे, ती फेडल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि आपण 'नाही' म्हटले तर लेकाचा अर्धा कोयता मोडतो, हे तिला ठाऊक असते. अशा स्थितीत माणूस स्वतःला आहे त्यापेक्षा अधिक समर्थ समजू लागतो, कारण तसे समजल्याशिवाय त्या घराचे भागत नाही.

याच्या उलट बाजूही आपल्याच समाजात आहे. ज्या घरात नोकरी आली, पगार आला, तेथे आई-वडिलांच्या हातातून कामे काढून घेतली जातात. "आबा, तुम्ही कशाला उठता? बसा निवांत." हे प्रेमाने म्हटलेले असते. पण चहा करणे, दूध आणणे, पैसे मोजणे, स्वतःचे धोतर धुणे ही कामे एकेक करून सुटली, की वर्षभरात तो माणूस खरोखरच ती विसरू लागतो, आणि मग 'आपल्याला काही जमत नाही' हे त्याचे मत पक्के होते. ज्या माणसाने आयुष्यभर 'तुला काय कळतं?' हे शब्द जमीनदाराच्या, पाटलाच्या, कचेरीतल्या कारकुनाच्या तोंडून ऐकले आहेत, त्याने तेच शब्द म्हातारपणी घरच्यांच्या तोंडून ऐकावेत, ही मोठी शोकांतिका आहे. गरिबी माणसाला 'जमते' असे म्हणावयास लावते आणि अवहेलना 'जमत नाही' असे म्हणावयास लावते. दोन्ही वेळा तो स्वतःबद्दल जे सांगतो, ते त्याने स्वतः पाहिलेले, पडताळलेले नसते.

वृद्धांच्या रोजच्या कामांचा शास्त्रीय विचार गेल्या साठ-सत्तर वर्षांत बराच झाला आहे. १९६३ साली अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा मूलभूत कामांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा ठेवणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी अधिक गुंतागुंतीच्या आठ कामांची यादी दिली. टेलिफोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचा व्यवहार, ही ती कामे. या दुसऱ्या यादीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे यांबद्दल गुण दिलेच जात नसत. ही कामे पुरुषाची नव्हेत, हे तेथील शास्त्रज्ञांनीही गृहीत धरले होते. आपल्याकडे त्याचा परिणाम रोज दिसतो. आजी गेल्यावर आजोबा असहाय होतात ते बहुधा वयामुळे नव्हे. भाकरी थापणे, वरण शिजविणे, कपडा पिळणे त्यांना कोणी शिकविलेच नाही म्हणून. याउलट आजीला निवृत्ती नाही. गुडघे दुखत असले तरी चूल तिचीच, आणि ती अडखळू लागली हे घराला सर्वांत शेवटी कळते.

भारतातील वृद्धांची 'लासी' या नावाने ओळखली जाणारी मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांशी त्या वेळी बोलणे झाले. साठीपुढील माणसांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला मूलभूत कामांपैकी किमान एका कामात अडचण येते, आणि जवळजवळ निम्म्या लोकांना बाजारहाट, औषधे, पैसे यांसारख्या कामांपैकी किमान एकात अडचण येते, असे तिच्यातून दिसले. त्याच पाहणीच्या पुढच्या अभ्यासातून २०२३ साली स्मृतिभ्रंशाचे अनुमान प्रसिद्ध झाले. साठीपुढील लोकांत त्याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे देशात अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास माणसे. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक आणि ग्रामीण भागात शहरांपेक्षा अधिक आढळले. शिक्षणाचा अभाव हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारे एक कारण आहे, हे आता जगभरच्या अभ्यासकांनी मान्य केले आहे. निजामी राजवटीच्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आपल्या आया-आज्यांसाठी या वाक्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको. ज्यांना शाळेच्या बाहेर ठेवले गेले, त्यांच्या म्हातारपणावरही त्या अन्यायाची सावली पडलेली आहे.

माणसाला स्वतःची उणीव कळत कशी नाही, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे साधे कारण असे, की म्हातारपणी शक्ती एका दिवसात जात नाही. माणूस आजची तुलना कालच्या दिवसाशी करतो, दहा वर्षांपूर्वीच्या दिवसाशी नव्हे. मोतीबिंदू वाढत जातो तेव्हा अंधार हळूहळू येतो, आणि आजीला वाटते की घरातला दिवाच मंद झाला आहे. कान हळूहळू जातात तेव्हा आजोबांना वाटते की हल्ली सगळेच पुटपुटत बोलतात. यात हट्ट नाही, खोटेपणाही नाही. पण काही वेळा कारण याहून खोल असते. १९१४ साली फ्रान्समधील डॉक्टर बाबिन्स्की यांनी अर्धांगवायूचे असे रुग्ण नोंदविले, की ज्यांचा हात लुळा पडला होता, पण तो लुळा आहे हे त्यांना उमगतच नव्हते. स्मृतिभ्रंशातही असे घडते. आठवण जाते, आणि आठवण गेली आहे ही जाणीवही तिच्याबरोबर जाते. अशा माणसाशी वाद घालणे, त्याला चारचौघांत खोटे पाडणे निरर्थक आहे. उलटपक्षी, मन खचलेला, उदासीनतेने ग्रासलेला वृद्ध स्वतःला आहे त्यापेक्षा अधिक दुबळा समजतो. म्हणून केवळ 'तुम्हाला हिशेब जमतो का?' असे विचारून खरे चित्र कळत नाही. वीस-वीसच्या पाच नोटा हातात देऊन पाहावे लागते.

१९८९ साली मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा विचार करताना क्रॉसन आणि सहकाऱ्यांनी जाणिवेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्या आपल्या घरातील उदाहरणाने सहज समजतात. 'मला हल्ली विसरायला होते' हे सांगता येणे, ही पहिली पायरी. चुलीवर दूध ठेवले आहे आणि आपण अंगणात येऊन बसलो आहोत, हे त्या क्षणी ध्यानात येणे, ही दुसरी. आणि 'मला विसरायला होते, म्हणून दूध चुलीवर असेपर्यंत मी जागची उठणार नाही' असे आधीच ठरविता येणे, ही तिसरी. पुष्कळ वृद्ध पहिल्या पायरीवर उत्तम बोलतात, पण दुसरीवर अडखळतात. काहींना पहिली पायरी शब्दांत मांडता येत नाही, पण तिसरी त्यांनी न बोलता कधीच अंगी बाणविलेली असते. पदराला गाठ मारणारी आजी, गोळीचे पाकीट मीठाच्या डब्यावर ठेवणारी आजी, अंधार पडण्यापूर्वीच काठी उशाला घेणारे आजोबा, हे सारे तिसऱ्या पायरीवर उभे आहेत. आपण त्यांना अडाणी म्हणतो, ही आपली चूक आहे.

येथे लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. स्मरणशक्तीच्या अनेक चाचण्या शाळा शिकलेल्या माणसाला समोर ठेवून रचलेल्या आहेत. आजची तारीख सांगा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करीत जा, असे त्यांचे स्वरूप असते. जिने कधी तारीखच पाहिली नाही, जी पुनव आणि अवस मोजून दिवस ओळखते, ती या चाचणीत नापास होणारच. हरियाणातील बल्लभगढ परिसरात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झालेल्या कामातून निरक्षर, ग्रामीण वृद्धांसाठी वेगळी चाचणी तयार झाली, आणि रोजच्या कामांविषयी घरच्या माणसाला विचारावयाची एक प्रश्नावलीही तयार झाली. कागदावरचे गणित सोडून माणूस आपल्या घरात, आपल्या गावात रोज काय करतो, हे पाहिले गेले, हा त्या कामाचा मोठेपणा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटते. एखाद्याने स्वतःविषयी दिलेली साक्ष हे महत्त्वाचे साधन असते. ते टाकून द्यावयाचे नसते, आणि दुसऱ्या साधनांशी ताडून पाहिल्याशिवाय पूर्ण स्वीकारावयाचेही नसते.

आपल्या गावांतील रोजच्या कामांत धोके कोठे आहेत, ते पाहू. पहिला धोका गोळ्यांचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने मिळतात. वाचता न येणारी आजी गोळी रंगावरून आणि पाकिटाच्या आकारावरून ओळखते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी आली, रंग बदलला, की तिची सारी ओळख कोलमडते. ती एकच गोळी दोनदा घेते किंवा एक मुळीच घेत नाही. घरचे म्हणतात, हिला विसर पडला. वस्तुतः तिची आठवण शाबूत असते. बदलला तो रंग. दुसरा धोका अंगठ्याचा. आयुष्यभर खुरपे, कोयता आणि दगड हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही, मग पुन्हा लावा, पुन्हा लावा असे होते. किती वेळा अंगठा लावला आणि किती रुपये निघाले, याचा मेळ त्या माणसाला लागत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये हातात किती पडले, हे जिला मोजता येत नाही, तिच्या भानाचा प्रश्न थेट तिच्या पोटाशी येऊन ठेपतो. तिसरा धोका रात्रीचा. म्हातारपणीचे पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड आणि कायमचे अंथरूण. अंगणात एक दिवा, उंबऱ्याशी धरावयास एक दांडा आणि पायात घट्ट चप्पल, एवढ्यानेही पुष्कळ टळते. पण 'मी रात्री एकटी जाऊ शकते का?' हा प्रश्न आधी मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे.

यात आणखी एक धोका आहे, आणि तो घरातूनच येतो. 'म्हाताऱ्याला आता कळत नाही' हे वाक्य कधी कधी काळजीपोटी येत नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या सातबाऱ्यासाठी येते. ज्या अर्थाने मी येथे आत्मभान शब्द वापरीत आहे, त्याचा वापर वृद्धांचे हक्क काढून घेण्यासाठी होऊ नये, हे मला स्पष्ट सांगावयाचे आहे. गोळीचा रंग चुकणाऱ्या माणसाला आपली जमीन कोणाला द्यावयाची हे नीट कळत असू शकते. एका कामातील अडचण म्हणजे सर्व बाबतींतील अक्षमता नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन नंतर सांभाळ न करणाऱ्याच्या नावचे हस्तांतरण रद्द करून घेता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जावयाचे असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. या गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असल्या पाहिजेत.

या विषयाचा एक धागा थेट बुद्धवचनाशी जुळतो. सतिपट्ठान सुत्तात जागरूकतेचा अभ्यास कोठे करावा, हे सांगताना भगवंत रोजच्या हालचालींची यादी देतात. पुढे जाताना, मागे येताना, हात-पाय आखडताना व पसरताना, चीवर घेताना, खाता-पिता, मलमूत्र विसर्जन करताना, चालताना, बसताना, झोपताना, जागे होताना, बोलताना आणि गप्प राहताना आपण काय करीत आहोत हे जाणून करावे, असा त्याचा आशय आहे. ही यादी आणि कॅट्झ यांची सहा कामांची मोजपट्टी शेजारी ठेवून पाहावी. अडीच हजार वर्षांचे अंतर असूनही दोन्हींत तीच साधी कामे आहेत. एक यादी बाहेरून मोजते. दुसरी माणसाला आतून जागे ठेवते.

दुसरा प्रसंग संयुत्तनिकायातील जरा सुत्ताचा. श्रावस्तीच्या पूर्वारामात वृद्ध तथागत पाठीवर ऊन घेत बसले आहेत. आनंद त्यांचे अंग चोळताना म्हणतात, की आता कांती पूर्वीसारखी राहिली नाही, अवयव शिथिल झाले आहेत, शरीर पुढे वाकले आहे. तथागत ते नाकारीत नाहीत आणि त्याने दुःखीही होत नाहीत. असेच असते, असे ते मान्य करतात. या प्रसंगातील आनंदांची भूमिका मला फार मोलाची वाटते. सेवा करणारा तोच, आणि जे दिसते ते प्रेमाने पण स्पष्ट सांगणाराही तोच. महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांचे भगवंत स्वतःच्या देहाला बांधून-बांधून कशीबशी चालविलेल्या जुन्या गाडीची उपमा देतात. पुढे कुसिनाराच्या वाटेवर ते आनंदांना चीवराची घडी अंथरावयास आणि पाणी आणावयास सांगतात, कारण ते थकले आहेत. इतरांना स्वतःच्या प्रयत्नावर उभे राहण्याचा उपदेश करणारा हा महापुरुष पाणी मागण्यात कमीपणा मानीत नाही. बाबासाहेबांचेही अखेरचे दिवस आठवावेत. मधुमेह, पायांचे दुखणे आणि मंदावलेली दृष्टी असताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी चालू ठेवले. टंकलेखनाला आणि रोजच्या कामांना नानकचंद रत्तू यांची साथ होती. आपली कोणती शक्ती उरली आहे हे ओळखून ती मुख्य कामासाठी राखावयाची आणि बाकीच्यासाठी मदत घ्यावयाची, हा त्यांच्या जीवनातून मिळणारा धडा आहे.

काही वाचक म्हणतील, की म्हातारपणी कसले भान आणि कसली कामे. मुला-सुनांनी सेवा करावी आणि वृद्धांनी विसावा घ्यावा, हीच आपली रीत. सेवेला माझा विरोध नाही. पण ज्या सेवेमुळे माणसाच्या हातातले काम जाते, त्याचे मत विचारले जात नाही आणि तो घरातल्या एका खाटेपुरता उरतो, तिला मी सेवा म्हणणार नाही. आणि जिल्ह्यातील ज्या हजारो घरांत मुले-सुनाच सहा महिने फडावर असतात, तेथे हा आदर्श कोणी आणि कसा पाळावा? तेथे वृद्धाचे स्वतःचे भान हेच घराचे पहिले संरक्षण असते. ते भान नीट राहावे, यासाठी घराने आणि गावाने काय करावे, एवढाच प्रश्न उरतो.

पुनर्वसनाच्या क्षेत्रात एक सोपी पद्धत वापरली जाते, आणि आम्हा शिक्षकांना ती नवी नाही. परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याला 'तुला किती गुण मिळतील असे वाटते?' असे विचारावे, मग पेपर सोडवून घ्यावा आणि त्याचा त्यालाच तपासू द्यावा. दोन-तीनदा असे झाले, की त्याचा अंदाज जाग्यावर येतो. तसेच घरात करता येते. काम करण्यापूर्वी विचारावे, "आजी, धान्य आणायला एकटी जाशील का, कुठं अडंल असं वाटतं?" मग तिला ते काम करू द्यावे, आपण सोबत असावे, पण हातातून हिसकावून घेऊ नये. काम झाल्यावर विचारावे, "कसं झालं? काय अवघड गेलं?" उत्तर तिच्या तोंडून यावे. तिनेच म्हटले की 'पोतं उचलताना झोक गेला', तर पुढच्या वेळी दोन खेपा करण्याचा मार्गही तीच सुचविते. चूक दाखविणारा दुसरा असला तर मान दुखावतो. चूक स्वतःला दिसली तर माणूस उपाय शोधतो. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की ज्याला स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे, त्याच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. तेथे वाद टाळून घराची रचना बदलावी लागते. विस्तव आणि कीटकनाशक नजरेआड ठेवणे, गोळ्या दुसऱ्याने देणे, बाहेर जाताना सोबत असणे, हे करावे लागते. गेल्या काही महिन्यांत एखाद्याचे वागणे एकाएकी बदलले असेल, तर म्हातारपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

शाळेपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका वृद्धाच्या रोजच्या कामांची नोंद ठेवावी. कोणते काम एकट्याने होते, कोणते मदतीने होते, त्या माणसाला स्वतःला काय वाटते आणि मुलाला काय दिसते, असे चार रकाने पुरेत. ही नोंद गुणांसाठी नसावी आणि ती त्या वृद्धाला वाचून दाखविल्याशिवाय शाळेत आणू नये. दुसरी, टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास शाळेने पालक आणि आजी-आजोबा यांची एकत्र बैठक घ्यावी. 'जमंल का?' हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्री घाईत विचारला जाऊ नये. आशाताई आणि शिक्षक यांच्या उपस्थितीत, डोळे-कान तपासून, गोळ्यांची खूण ठरवून विचारला जावा. गोळ्यांसाठी सूर्य आणि चंद्र यांची चित्रे चिकटविलेले दोन डबे आपल्या चित्रकलेच्या तासाला सहज तयार होतील. ६५ वर्षांवरील ज्यांना चष्मा, श्रवणयंत्र वा काठी हवी आहे, त्यांचे मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे अर्जही याच बैठकीत भरून घेता येतील; २०२४ पासून त्या योजनेत तीन हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. तिसरी सूचना मुलग्यांसाठी आहे. वसतिगृहातील प्रत्येक मुलाला भाकरी थापता, कपडे धुता आणि घर झाडता आले पाहिजे. त्याचे स्वतःचे म्हातारपण साठ वर्षांनी येईल, आणि त्या वेळी त्याला या विद्येची गरज पडेल.

या बैठकीत एखादी आजी पहिल्यांदाच 'मला एकटीला नाही जमायचं' असे म्हणेल, अशी माझी अपेक्षा आहे. ते ऐकून घरातील एका माणसाला मागे थांबावे लागेल, किंवा धाकट्या नातवंडांना गावातील हंगामी वसतिगृहात ठेवावे लागेल, किंवा शेजारणीशी बोलून रात्रीची सोबत ठरवावी लागेल. यांपैकी प्रत्येक पर्यायाला पैसा किंवा श्रम लागतात आणि ते सोपे नाहीत. तरीही आजीच्या त्या 'नाही' ला घरात, गावात आणि शाळेत किंमत मिळाली पाहिजे. ज्या पिढीने अन्यायाला 'नाही' म्हणण्याचे बळ आपल्याला दिले, तिला स्वतःच्या थकलेल्या हातांविषयी खरे बोलण्याची मोकळीक देणे, एवढे तरी आपण करू शकतो. येत्या दसऱ्यापूर्वी अशी पहिली बैठक या शाळेच्या सभागृहात व्हावी, एवढीच विनंती.